खोकल्याचं औषध आणि आपली फुकटची वकिली

३० जुलै २०१९, मंगळवार. बीसीसीआयनं एकाच दिवशी तीन क्रिकेटपटूंवर डोपिंगची बंदी जाहीर केली. मुंबईचा पृथ्वी शॉ, आठ महिने. राजस्थानचा एक खेळाडू, सहा महिने. आणि तिसरा विदर्भ क्रिकेट असोसिएशनकडे नोंदणी असलेला. आपला. त्यालाही आठ महिने.

आता प्रामाणिकपणे सांगा, त्या आठवड्यात नागपुरात चर्चा कोणाची होती? धरमपेठेतल्या चहाच्या टपरीवर, आयटी पार्कच्या कँटीनमध्ये, शनिवारी सकाळी तर्री-पोह्याच्या गाडीवर, सगळीकडे एकच विषय. पृथ्वी शॉ, पृथ्वी शॉ आणि पृथ्वी शॉ. "काऊन बे, खोकल्याचं औषध घेतलं त्या पोट्ट्यानं, त्यात काय झालं एवढं?" आपल्या घरच्या टीमचा कोणी मुलगा त्याच यादीत आहे हे माझ्या ओळखीतल्या दहातल्या नऊ जणांना ठाऊकसुद्धा नव्हतं. दहाव्यानं ऐकलं होतं, पण नाव आठवत नव्हतं.

मला जे म्हणायचंय ते इथूनच सुरू होतं. आपल्या आवडत्या टीममधला कोणी डोपिंगमध्ये सापडला की आपण चाहते ताबडतोब काळा कोट चढवून फुकटची वकिली सुरू करतो. बरं, ती वकिलीही फक्त मोठ्या नावाची. लहान नाव गेलं तेल लावत. आणि ह्या वकिलीची किंमत मोठं नाव मोजत नाही, ते लहान नावच मोजतं. पटत नसेल तर पुढे वाचा. पटत असेल तरी वाचा, कारण तारखा मजेशीर आहेत.

आपल्या वकिलीत साधारण तीन युक्तिवाद असतात. एकेक घेऊ.

युक्तिवाद पहिला : "साधं खोकल्याचं औषध हो!"

पृथ्वीच्या शरीरात सापडलं ते टर्ब्युटलीन. श्वासनलिका मोकळी करणारं औषध. आपल्याकडच्या कितीतरी कफ सिरपमध्ये ते असतं. २२ फेब्रुवारी २०१९ ला इंदूरमध्ये सय्यद मुश्ताक अली ट्रॉफीच्या वेळी त्यानं नमुना दिला होता. बोर्डानं त्याचं म्हणणं मान्य केलं की हे अनवधानानं घडलं, कामगिरी सुधारायला नाही. ठीक. मीही मान्य करतो. एकोणीस वर्षांचं पोरगं, खोकला झाला, बाटली प्यायला. शक्य आहे. बहुधा तसंच झालं असेल.

पण मग पुढचा प्रश्न. ह्याच बोर्डानं ९ जानेवारी २०१८ ला, म्हणजे पृथ्वीच्या नमुन्याच्या जेमतेम तेरा महिने आधी, युसुफ पठाणवर पाच महिन्यांची बंदी जाहीर केली होती. औषध कोणतं? टर्ब्युटलीन. कारण कोणतं? खोकल्याचं औषध. कुठे सापडला? देशांतर्गत टी-ट्वेंटी स्पर्धेत. बग तोच, मॉड्यूल तेच, फक्त युजर वेगळा. आमच्या धंद्यात तोच बग वर्षभरानं प्रॉडक्शनमध्ये परत आला तर "अरे, युजरच्या हातून चुकून झालं" म्हणून तिकीट बंद करता येत नाही. मॅनेजर विचारतो, पहिल्या वेळी सापडल्यावर तुम्ही काय केलंत? कोणाला सांगितलंत? टेस्ट केस लिहिली का?

हाच प्रश्न बोर्डाला विचारायला हवा होता. युसुफनंतर प्रत्येक राज्य संघटनेतल्या, प्रत्येक वयोगटातल्या खेळाडूला, त्याच्या भाषेत, औषधांची यादी समजावून सांगितली होती का? टीमबरोबर डॉक्टर होता का? पोरानं औषधाच्या दुकानात जाण्याआधी कोणाला फोन करायचा, हे त्याला माहीत होतं का? चाहत्यांनी हे काही विचारलं नाही. आपण आपले "बिचारा, बिचारा" करत बसलो. बिचारा म्हटलं की प्रश्न मिटतो आणि बोर्डही सुटतं. बोर्डाला तेच हवं असतं.

एक गोष्ट अनेकांना खरंच माहीत नसते म्हणून सांगतो. डोपिंगच्या नियमात हेतू आधी बघत नाहीत. शरीरात पदार्थ सापडला की नियम मोडला, विषय संपला. हेतू, निष्काळजीपणा, चूक किती, हे सगळं शिक्षा ठरवताना बघतात. हे अन्यायाचं वाटतं, मान्य. पण उलटा नियम करून पाहा. समजा पकडणाऱ्यानं हेतू सिद्ध करायचा असेल, तर जगातला प्रत्येक सापडलेला खेळाडू काय म्हणेल? खोकला होता. शेन वॉर्ननं २००३ च्या वर्ल्ड कपच्या तोंडावर काय सांगितलं होतं आठवतं का? गोळी आईनं दिली होती म्हणाला. बारीक दिसायला. आपण पोट धरून हसलो होतो. त्याला एक वर्ष बसवलं, आणि आपण म्हटलं, बरं झालं.

म्हणून मी एक साधी चाचणी सुचवतो. फाइंड अँड रिप्लेस. बातमीतलं आपल्या लाडक्याचं नाव काढा, तिथे नको त्या माणसाचं नाव टाका, बातमी पुन्हा वाचा. मत बदललं? मग ते मत नव्हतंच, ती जर्सी होती. २००६ साली शोएब अख्तर आणि मोहम्मद आसिफ नँड्रोलोनमध्ये सापडले. त्यांच्या बोर्डाच्या समितीनं आधी दोन वर्षं आणि एक वर्ष अशी बंदी घातली आणि महिन्याभरात अपिलात दोघांनाही मोकळं केलं. तेव्हा आपल्याकडे काय प्रतिक्रिया होती? "बघा, आपल्या पोरांना कसं वाचवतात हे लोक." बरोबर होती. एकदम बरोबर होती. आता तेच वाक्य घेऊन पुढचा परिच्छेद वाचा.

बॅकडेटेड टाइमशीट

पृथ्वीचा नमुना २२ फेब्रुवारीचा. त्याच्यावर आरोप ठेवला १६ जुलैला. जवळजवळ पाच महिन्यांनी. बंदी जाहीर झाली ३० जुलैला. बंदी किती? आठ महिने. पण मोजायची कधीपासून? १६ मार्चपासून! संपणार १५ नोव्हेंबरला.

आता कॅलेंडर उघडा. २०१९ चं आयपीएल २३ मार्चला सुरू झालं आणि १२ मेला संपलं. पृथ्वी दिल्ली कॅपिटल्सकडून खेळला. मे महिन्यात मुंबईची टी-ट्वेंटी लीगही खेळला. म्हणजे कागदावर ज्या काळात तो "बंदी भोगत" होता, त्याच काळात तो टीव्हीवर, जाहिरातींच्या मधोमध, चौके मारत होता. बंदी संपल्यावर दोन दिवसांत, १७ नोव्हेंबरला, मुंबईकडून मैदानात आला आणि आसामविरुद्ध ६३ धावा काढल्या. प्रत्यक्षात किती महिने बसला? आरोपाच्या दिवसापासून धरलं तर चार.

युसुफचं तर आणखी भारी. नमुना मार्च २०१७ चा. बंदी मोजली १५ ऑगस्ट २०१७ पासून १४ जानेवारी २०१८ पर्यंत. जाहीर कधी केली म्हणालो? ९ जानेवारीला. म्हणजे बंदीची बातमी आपल्याला कळली तेव्हा ती संपायला पाच दिवस उरले होते. आणि त्याच महिन्याच्या शेवटी आयपीएलचा लिलाव. वा रे टायमिंग!

मागच्या तारखेपासून बंदी मोजण्याची तरतूद नियमांत आहे, हे मला ठाऊक आहे. प्रक्रियेत उशीर झाला आणि त्यात खेळाडूचा दोष नसेल तर त्याला सूट देता येते. तरतूद न्याय्यच आहे. पण उशीर कोणी केला? ज्यानं उशीर केला त्यानंच त्या उशिराची सूट वाटली. आपल्याकडे महिनाअखेरीला टाइमशीट मागच्या तारखांनी भरतात, त्यातला हा प्रकार. तुम्ही-आम्ही भरलं तर एचआरचं मेल येतं.

तुलनेसाठी एक फुटबॉलचं उदाहरण देतो, कारण आपल्यातले निम्मे लोक शनिवारी रात्री मँचेस्टर आणि चेल्सीसाठी जागतात. रिओ फर्डिनंड. मँचेस्टर युनायटेडचा आणि इंग्लंडचा बचावपटू. २३ सप्टेंबर २००३ ला क्लबच्या मैदानावर चाचणी होती, हा न देताच निघून गेला. विसरलो म्हणाला. त्याच्या शरीरात काहीही सापडलं नव्हतं, फक्त चाचणी चुकली होती. शिक्षा? आठ महिने. पृथ्वीइतकीच. पण मोजायला सुरुवात केली २० जानेवारी २००४ पासून. पुढच्या तारखेपासून. उरलेला सीझन गेला आणि २००४ चा युरो कपही गेला. युनायटेडच्या चाहत्यांनी तेव्हा कमी आरडाओरडा केला नाही, तेही आपल्यासारखेच आहेत. पण तिथे आठ महिने म्हणजे आठच महिने होते. आपल्याकडे आठ महिन्यांत एक आख्खं आयपीएल बसतं.

युक्तिवाद दुसरा : "षडयंत्र आहे!"

हा आपला खास आवडता. २०१६, नरसिंग यादव. मूळचा उत्तर प्रदेशातला पण मुंबईत वाढलेला, तीनदा महाराष्ट्र केसरी, महाराष्ट्र पोलिसात अधिकारी. २०१५ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य जिंकून त्यानं रिओ ऑलिंपिकची ७४ किलोची जागा मिळवली. सुशीलकुमारनं निवड चाचणीसाठी दिल्ली उच्च न्यायालय गाठलं, तिथे सुशील हरला. आणि मग ऑलिंपिकच्या तोंडावर नरसिंगच्या नमुन्यात मेथँडिएनोन सापडलं. हे स्टेरॉइड आहे, खोकल्याचं औषध नव्हे.

आपण सगळ्यांनी एका मिनिटात निकाल दिला. कोणीतरी जेवणात कालवलं. दिल्लीवाल्यांनी केलं. मराठी माणसाला... वगैरे वगैरे. १ ऑगस्टला नाडानं त्याला निर्दोष सोडलं तेव्हा पेढे वाटले गेले. नाडाचा निकाल वाचला कोणी? वाचायचं कशाला, आपल्या बाजूनं होता ना!

वाडानं अपील केलं. रिओमध्येच क्रीडा लवादासमोर सुनावणी झाली. १८ ऑगस्टला, त्याच्या कुस्तीच्या आदल्या दिवशी, चार वर्षांची बंदी. लवादानं काय म्हटलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. तज्ज्ञाच्या साक्षीनुसार नमुन्यातलं प्रमाण इतकं होतं की पेयात कोणी पावडर टाकल्याच्या कहाणीशी ते जुळत नव्हतं. गोळी पोटात गेली असण्याची शक्यता जास्त, आणि तीही एकापेक्षा जास्त वेळा. कट झाल्याचा पुरावा पुरेसा नाही.

आता, कट झालाच नव्हता असं मी छातीठोकपणे म्हणत नाहीये. पुढे सीबीआयकडेही प्रकरण गेलं. माझा मुद्दा वेगळा आहे. षडयंत्र हा दावा आहे, आणि दाव्याला पुरावा लागतो. आपण चाहते मात्र षडयंत्राला गृहीत धरतो आणि पुरावा दुसऱ्या बाजूकडे मागतो. सर्व्हर पडला की प्रत्येक ज्युनिअर म्हणतो, "सर, कोणीतरी हॅक केलं असेल." कधीकधी खरंच केलेलं असतं. पण सिनिअर आधी लॉग बघतो.

लॉग बघितल्यावर खेळाडू निर्दोष निघाला अशीही उदाहरणं आहेत, तीही सांगितली पाहिजेत. लिव्हरपूलचा ममादू साखो. २०१६ साली त्याच्या नमुन्यात हिजेनामाइन नावाचा पदार्थ सापडला. चरबी कमी करायच्या गोळ्यांत असतो. त्याला तात्पुरतं बसवलं, युरोपा लीगची फायनल हुकली. पण त्याच्या बाजूनं विचारलं, हा पदार्थ बंदीच्या यादीत आहे कुठे? नावानिशी नव्हता. युएफानं प्रकरण बंद केलं. तो तिथेच थांबला नाही. वाडानं त्याच्याबद्दल जे जाहीरपणे म्हटलं होतं त्यावरून खटला भरला, आणि २०२० साली वाडाला त्याची माफी मागून भरपाई द्यावी लागली. साखो कशानं वाचला? घोषणांनी नाही वाचला, फ्रान्सविरुद्धच्या षडयंत्रानंही नाही. यादी वाचून वाचला. कागद वाचून.

म्हणजे बघा, खेळाडू खरंच निर्दोष असेल तर त्याला आपल्या आंधळ्या विश्वासाचा काडीचा उपयोग नसतो. त्याला लागतं ते प्रश्न विचारणारं कोणीतरी.

युक्तिवाद तिसरा : "सगळेच घेतात हो."

हा सगळ्यात आळशी युक्तिवाद, आणि सगळ्यात घातक. वाडाच्या आकडेवारीनुसार २०२४ साली भारतात ७,११३ नमुने तपासले, त्यातले २६० दोषी निघाले. म्हणजे ३.६ टक्के. मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वात जास्त आहे. लाजिरवाणं आहेच. पण "सगळे" नाहीत ना! शंभरातले शहाण्णव स्वच्छ निघाले. काही न सापडता सुटले असतील, धरून चालू. तरीही "सगळेच घेतात" म्हणणारा माणूस त्या बाकीच्या पोरांच्या तोंडावर थुंकतो. पहाटे पाचला उठून कस्तुरचंद पार्कला चकरा मारणाऱ्या, घरून आणलेल्या डब्यातली मटकी खाऊन प्रॅक्टिसला उभ्या राहणाऱ्या पोरांच्या तोंडावर.

आणि हे वाक्य खाली कुठपर्यंत झिरपतं ते बघा. आमच्या भागात एक जिम आहे. तिथे एक ट्रेनर अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांना डबे विकतो. डब्यावर काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नाही आणि पोरांना वाचायचं नाहीये. मी एकदा विचारलं, "भाऊ, यात काय काय आहे?" तर म्हणे, "दादा, टीव्हीवर दिसतात ते सगळे हेच घेतात." संपलं. हाच तो युक्तिवाद, फक्त किंमत लावून विकायला ठेवलेला. राज्यात मेफेन्टरमाइनच्या इंजेक्शनांवर छापे पडतात, गुन्हे दाखल होतात. ऑपरेशनच्या वेळी पेशंटचं ब्लड प्रेशर सावरायला वापरायचं औषध आहे ते! पोरं ते दंडाच्या बेडकुळ्यांसाठी टोचून घेतात. हृदय बंद पडलं तर तिथे अपील नाही आणि लवादही नाही.

दहा वर्षांची टाळाटाळ आणि एक पासवर्ड

आता बोर्डाकडे वळू. वाडाच्या नियमात एक कलम आहे. निवडक अव्वल खेळाडूंनी आपण रोज कुठे आहोत, चाचणीसाठी कोणत्या तासाला कुठे भेटू, हे आधी कळवायचं. आगाऊ सूचना न देता चाचणी घेता यावी म्हणून. टेनिसवाले कळवतात, धावपटू कळवतात, मल्ल कळवतात. २००९ साली भारतीय क्रिकेटपटू म्हणाले, आम्ही नाही कळवणार. खासगीपणा, सुरक्षा. बोर्ड त्यांच्या पाठीशी उभं राहिलं. आणि बोर्डाच्या पाठीशी आपण! "आपल्या सचिनला, धोनीला दारात जाऊन चाचणी मागणार म्हणजे काय?" अशी भाषा होती.

दहा वर्षं हे चाललं. बोर्ड नाडाला दारात उभं करत नव्हतं, आपल्या चाचण्या परदेशी एजन्सीकडून करून घेत होतं आणि शिक्षा स्वतःच देत होतं. खेळाडू त्यांचा, स्पर्धा त्यांची, कमाई त्यांची, आरोपपत्र त्यांचं आणि निकालही त्यांचा. डेव्हलपरनंच टेस्टिंग करायचं आणि त्यानंच साइन-ऑफ द्यायचा असला प्रकार. पृथ्वीच्या प्रकरणावर बोंब झाली आणि दहा दिवसांत, ९ ऑगस्ट २०१९ ला, बोर्ड नाडाखाली यायला तयार झालं. दहा वर्षं न हललेला दगड दहा दिवसांत हलला. म्हणजे प्रश्न विचारले की उपयोग होतो, हे लक्षात घ्या.

नाडा म्हणजे काही रामराज्य नव्हे, हेही सांगतो. त्याच ऑगस्टमध्ये वाडानं दिल्लीच्या राष्ट्रीय डोप चाचणी प्रयोगशाळेची मान्यता निलंबित केली. ती परत मिळायला डिसेंबर २०२१ उजाडला. आणि जून २०२० मध्ये पाच करारबद्ध क्रिकेटपटूंना ठावठिकाणा न कळवल्याबद्दल नाडाच्या नोटिसा गेल्या, तेव्हा बोर्डाचा खुलासा काय होता? पासवर्डमध्ये गडबड झाली! जगातलं सगळ्यात श्रीमंत क्रिकेट बोर्ड, आणि पाच जणांचा पासवर्ड चालेना. अहो, नागपुरात हाक मारली असती तर "फरगॉट पासवर्ड"चं बटण कुठे असतं ते दाखवायला आमचे दोन फ्रेशर बसनं पाठवले असते.

आणि तो विदर्भाचा मुलगा

आता पहिल्या परिच्छेदाकडे. तीन नावं होती. पृथ्वीकडे तेव्हा काय काय होतं? पहिल्याच कसोटीत १३४ धावा, आयपीएलचा करार, मॅनेजर, आणि देशभर बिचारा-बिचारा म्हणणारे लाखो वकील. आपल्या विदर्भाच्या मुलाकडे काय होतं? आपण. म्हणजे कोणीच नाही.

तेही कोणत्या वर्षी? साठ वर्षं वाट बघून १ जानेवारी २०१८ ला इंदूरमध्ये फैज फजलच्या टीमनं दिल्लीला हरवून पहिली रणजी आणली. गुरबानीची फायनलमधली हॅटट्रिक, चंदू पंडितांची शिस्त, वासिम जाफर. पुढच्या वर्षी फेब्रुवारी २०१९ मध्ये जामठ्यावर सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून दुसरी. सरवटेच्या अकरा विकेट. आपण छाती फुगवून फिरत होतो की विदर्भ आता कोणाचं शेपूट नाही, आपली स्वतःची सिस्टिम आहे, अकॅडमी आहे, ट्रेनर आहे, फिजिओ आहे. सहा महिन्यांच्या आत त्याच सिस्टिममधला एक खेळाडू डोपिंगमध्ये सापडतो, आणि आपण सिस्टिमला एकही प्रश्न विचारत नाही? अकॅडमीतल्या पोराला औषधाबद्दल कोण सांगतं? त्याच्या खिशात यादी आहे का? वरूड, अचलपूर, गोंदियाहून आलेल्या मुलाला इंग्रजीतलं पीडीएफ देऊन सही घेतली की जबाबदारी संपते का?

त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये. शिक्षा भोगून झाली, विषय संपला. पण त्याला कोणी बिचारा म्हटलं नाही, कोणी लबाडही म्हटलं नाही. डोपिंगमध्ये सापडलेल्या लहान खेळाडूचं हेच होतं. शिव्याही वाट्याला येत नाहीत. तो नुसता यादीतून पुसला जातो. मागच्या तारखेची मेहेरबानी आयपीएल खेळणाऱ्याच्या सर्वात जास्त कामी येते, कारण त्याच्या "बंदीच्या" महिन्यांत त्याचा सर्वात मोठा सीझन होऊन जातो. साध्या पोराचा मात्र क्लबचा सीझन, निवड चाचणी, वयाची अट, एखाद्या सरकारी खात्यातली स्पोर्ट्स कोट्याची जागा, हे सगळं त्या चार-आठ महिन्यांत निसटू शकतं. मोठ्या नावाला सांभाळायला केलेली व्यवस्था लहानाला सांभाळत नाही. आणि ती व्यवस्था आपल्या वकिलीवर पोसली गेलेली आहे.

"मग आम्ही काय करायचं?"

कोणी म्हणेल, अरे, झालं ते झालं, पोरांची शिक्षा संपली, आता का उकरतोस? मी पोरांना उकरत नाहीये. शिक्षा संपली की खेळाडूला पूर्ण मोकळ्या मनानं परत घ्यावं. पृथ्वी २०२५ साली मुंबई सोडून महाराष्ट्राकडून खेळायला आला, खुशाल टाळ्या वाजवा, मीही वाजवीन. पोग्बाची चार वर्षांची बंदी लवादानं अठरा महिन्यांवर आणली, नंतर मोनॅकोनं त्याला घेतलं, चांगलंच झालं. माफ करणं वेगळं आणि "काही घडलंच नाही" म्हणणं वेगळं. माफ करायला आधी काहीतरी घडलंय हे मान्य करावं लागतं.

दुसरा कोणी म्हणेल, चाहत्यानं भावना ठेवायच्या की ऑडिट करायचं? अहो, तुम्ही मोबाईल घेताना चाळीस रिव्ह्यू वाचता. फ्लॅट घेताना सातबाऱ्यापासून सगळं तपासता. पगारातला एक रुपया कमी आला तर एचआरला तीन मेल टाकता. आणि ज्या टीमसाठी जामठ्याच्या उन्हात पाच दिवस बसता, तिच्याबाबतीत म्हणे भावना!

चार प्रश्न आहेत, फार नाहीत. नमुना कधी घेतला? आरोप कधी ठेवला? बंदी कोणत्या तारखेपासून मोजली आणि मधल्या काळात तो खेळला का? आणि सापडण्याआधी त्याला काय शिकवलं होतं, कोणी शिकवलं होतं? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं बातमीतच असतात, फक्त कॅलेंडर शेजारी ठेवून वाचावी लागतात. चौथ्याचं उत्तर असोसिएशनकडे मागावं लागतं. हे प्रश्न पाकिस्तानी बोलरला विचारायचे, ऑस्ट्रेलियन स्पिनरला विचारायचे, दिल्लीच्या मल्लाला विचारायचे, आणि सगळ्यांत आधी, सगळ्यांत मोठ्या आवाजात, आपल्या टीमला विचारायचे.

मार्च २०२५ मध्ये विदर्भानं केरळविरुद्ध तिसरी रणजी जिंकली, पुन्हा जामठ्यावर. अक्षय वाडकरच्या हातात तो चषक बघून ऊर भरून आला नसेल असा वैदर्भीय विरळा. ती टीम बघून आज एखादा बारा वर्षांचा पोट्टा किट घेऊन अकॅडमीत जात असेल. पाच-सात वर्षांनी त्यालाही कधीतरी खोकला होईल, तोही औषधाच्या दुकानासमोर उभा राहील. त्याच्या खिशात फोन करण्यासाठी कोणा डॉक्टरचा नंबर असेल की नुसते दहा-वीस रुपये, हे आज आपण कोणाला काय विचारतो त्यावर ठरणार आहे.

आणि तरीही कोणाला वकिलीच करायची असेल, तर जरूर करावी. फक्त ह्या वेळी अशील नीट निवडा. मोठ्याला वकील पुष्कळ आहेत.